‘झाले’ या शब्दाचा अर्थ



घरातून कोणी हाक मारली की मराठी माणूस जागचा न हलता उत्तर देतो, ‘आलोच!’ व्याकरणाच्या दृष्टीने हा भूतकाळ. प्रत्यक्षात येण्याची क्रिया सुरूही झालेली नसते. निरोप घेऊन जाणारा ‘येतो’ म्हणतो. दूरध्वनीवर ‘निघालो’ असे सांगणाऱ्याच्या पायांत अद्याप चपला नसतात. साडीचे फॉल-पिको झाले काय, असे गिऱ्हाइकाने विचारावे आणि दुकानातून ‘झालेच समजा’ असे उत्तर यावे, हा तर नित्याचा प्रकार. जे काम संपत आले परंतु संपले नाही, त्याच्यासाठी भाषेने ‘झाल्यात जमा’ असा स्वतंत्र शब्दप्रयोगच करून ठेवला आहे.

या सर्वांना खोटे बोलणारे म्हणावे काय? कोणी म्हणत नाही, कारण ऐकणाराही त्याच भाषेत वाढलेला असतो आणि ‘आलोच’ याचा अर्थ ‘येत आहे’ असाच घेतो. परंतु हाच ‘झाले’ हा शब्द आजाऱ्याच्या अंथरुणाशी, व्यापाऱ्याच्या पावतीशी किंवा न्यायालयातील जबानीशी येऊन उभा राहिला म्हणजे त्याचे वजन काटेकोरपणे करावे लागते. आश्चर्य असे की जैन परंपरेतील अगदी पहिला मतभेद याच एका शब्दावरून झाला.

ही कथा श्वेतांबर आगमांत भगवतीसूत्राच्या नवव्या शतकात आली आहे. (ग्रंथातील विभागालाही तेथे ‘शतक’ म्हणतात, शंभर वर्षांशी त्याचा संबंध नाही.) जमाली हा क्षत्रियकुंडग्रामचा राजकुमार. श्वेतांबर परंपरा त्याला भगवान महावीरांचा जामात मानते. दिगंबर परंपरेत भगवंतांचा विवाहच मान्य नसल्याने तेथे हे नाते नाही. जमालीने पाचशे पुरुषांसह दीक्षा घेतली, अध्ययन केले, कठोर तप केले, आणि पुढे भगवंतांची स्पष्ट अनुमती मिळालेली नसतानाही आपल्या शिष्यसमुदायासह स्वतंत्र विहार सुरू केला. हिंडत हिंडत तो श्रावस्ती नगरीत आला. रूक्ष आहाराने प्रकृती खालावलेली होती, अंगात दाहज्वर भरला होता, बसवत नव्हते. त्याने साधूंना संस्तारक, म्हणजे अंथरूण, घालावयास सांगितले. वेदना वाढल्या तेव्हा पुन्हा विचारले, ‘अंथरूण घातले आहे की घातले जात आहे?’ साधू उत्तरले, ‘अद्याप घातलेले नाही, घातले जात आहे.’

येथे जमालीच्या मनात विचार आला. भगवान तर सांगतात की जे चालू लागले ते चालले, जे केले जात आहे ते केलेच गेले. क्रियमाण ते कृत. आणि येथे तर डोळ्यांसमोर दिसते आहे की घातले जाणारे अंथरूण घातलेले नाही. तेव्हा भगवंतांचे वचन मिथ्या आहे.

तापाने फणफणलेला, उभे राहण्याची शक्ती नसलेला एक तपस्वी अर्धवट अंथरलेल्या गवताकडे पाहात आहे. त्याचा युक्तिवाद सहज हसण्यावारी नेता येणार नाही. अर्ध्या अंथरुणावर रुग्णाला झोपता येत नाही, हे कोणत्याही आईला ठाऊक असते. काही साधूंना त्याचे म्हणणे पटले, काहींना पटले नाही. न पटलेले चंपानगरीला भगवंतांकडे निघून गेले. एका संघाचे दोन भाग झाले. कैवल्यप्राप्तीनंतरच्या चौदाव्या वर्षी घडलेली ही घटना मानतात, आणि सात निन्हवांमध्ये, म्हणजे वचनाचा अपलाप करणाऱ्यांमध्ये, जमालीचे नाव पहिले घेतात.

मग भगवंतांच्या वचनाचा अर्थ तरी काय? अकराव्या शतकात भगवतीसूत्रावर वृत्ती लिहिणाऱ्या अभयदेवसूरींनी त्यासाठी जे उदाहरण घेतले ते कापडाचे आहे, आणि कापडाच्या धंद्यात आयुष्य घालविणाऱ्यांनाही ते थबकून विचार करावयास लावते. मागावर वस्त्र विणले जात आहे. पहिला धागा आत गेला. त्या क्षणी वस्त्र उत्पन्न होऊ लागले. आता जर म्हटले की पहिल्या धाग्याने वस्त्र मुळीच निर्माण झाले नाही, तर दुसऱ्या धाग्यानेही ते का व्हावे? तो धागाही पहिल्यासारखाच. तिसराही तसाच. असे करीत शेवटच्या धाग्यापर्यंत गेले तरी वस्त्र झालेच नाही असे म्हणावे लागेल, कारण शेवटच्या धाग्यात असे कोणते वेगळे सामर्थ्य आहे की जे पहिल्यात नव्हते? वस्त्र शेवटी होते हे तर सर्वांना दिसते. म्हणून प्रत्येक धाग्याबरोबर वस्त्राचा तेवढा भाग झालाच, असे मानल्यावाचून गत्यंतर नाही. जो क्षण क्रियेचा तोच तिच्या तेवढ्या फळाचा.

म्हणजे वाद अंथरुणाचा नव्हताच. ‘अंथरूण’ या शब्दाने नेमके काय मोजावयाचे, याचा होता. जमाली संपूर्ण अंथरूण मोजत होता. भगवंतांचे वचन त्या त्या क्षणी अंथरल्या जाणाऱ्या भागाविषयी होते. जिनभद्रगणींनी विशेषावश्यकभाष्यात हीच गोष्ट नयांच्या भाषेत मांडली आहे. निश्चयनयाने पाहता केले जाणारे केलेलेच असते. व्यवहारनयाने पाहता ते अद्याप केलेले नसते. दोन्ही वचनांना आपापली जागा आहे. जमालीची चूक रुग्णाची गरज सांगण्यात नव्हती. आपल्या मापाखेरीज दुसरे माप असूच शकत नाही, असे धरून बसण्यात होती.

या कथेचा दुसरा भाग आवश्यकसूत्राच्या टीकापरंपरेत येतो आणि तो पहिल्यापेक्षाही मनोहर आहे. जमालीची गृहस्थाश्रमातील पत्नी प्रियदर्शना ही साध्वी होती आणि तीही जमालीचे मत मानू लागली होती. श्रावस्तीत ढंक नावाच्या एका कुंभार श्रावकाकडे ती उतरली. ढंक हा भगवंतांच्या वचनावर श्रद्धा असलेला मनुष्य. तिने त्यालाही नवे मत सांगितले. तो म्हणाला, इतके सूक्ष्म काही आम्हांस कळत नाही. पुढे एकदा ती स्वाध्याय करीत असता त्याने आव्यातील निखारा अशा रीतीने उडविला की तिच्या संघाटीचा, म्हणजे पांघरण्याच्या वस्त्राचा, एक पदर जळू लागला. ती म्हणाली, ‘श्रावका, माझी संघाटी जाळलीस की!’ ढंक शांतपणे म्हणाला, ‘जळत असलेले जळलेले नसते, हे आपलेच मत. मग आपली संघाटी कोणी जाळली?’

प्रियदर्शना विचारी होती. तिला अर्थ तत्काळ उमगला. पदराचा कोपराच जळला होता, तरीही तिच्या तोंडून ‘संघाटी जाळलीस’ असे वाक्य निघाले होते. स्वतःच्या भाषेनेच स्वतःच्या मताविरुद्ध साक्ष दिली. ती परिवारासह भगवंतांकडे परतली. जमाली मात्र परतला नाही. मोठमोठ्या वादसभांत जे साधले नाही ते एका कुंभाराने एका निखाऱ्यात साधले. कोणी म्हणेल की साध्वीचे वस्त्र जाळणे हे श्रावकाला शोभले काय? हा आक्षेप अगदीच गैर नाही. परंतु कथाकारांनी त्याची चर्चा केलेली नाही.

श्रोतेहो, हा प्रश्न प्राचीन काळाबरोबर संपला असे कोणी समजू नये. भारतीय वस्तुविक्री कायदा १९३० सालचा आहे. त्याच्या चौथ्या कलमात ‘विक्री’ आणि ‘विक्रीचा करार’ यांत भेद केला आहे. मालाची मालकी आताच गिऱ्हाइकाकडे गेली असेल तर ती विक्री. पुढे केव्हा तरी किंवा एखादी अट पुरी झाल्यावर जावयाची असेल तर तो केवळ विक्रीचा करार. कपाटातील एक विशिष्ट तयार शालू गिऱ्हाइकाने पसंत करून सौदा ठरविला, तर वेगळे काही ठरले नसल्यास पैसे उद्या दिले आणि शालू परवा नेला तरी मालकी सौद्याच्या क्षणीच गेली. त्या रात्री दुकानाला आग लागली तर सामान्यतः नुकसान गिऱ्हाइकाचे! परंतु एका मोठ्या ताग्यातून पन्नास मीटर कापड द्यावयाचे ठरले आणि ते अद्याप फाडून वेगळे काढलेले नाही, तर कोणते पन्नास मीटर हेच निश्चित नसल्याने मालकी गेलेली नाही. आगीचे नुकसान दुकानदाराचे. तसेच विक्रेत्याने मालावर काही काम करून तो देण्याजोगा करावयाचा असेल, तर ते काम होऊन गिऱ्हाइकाला कळेपर्यंत मालकी हलत नाही. ‘विकले’ हा शब्द दोन्ही ठिकाणी तोच. गिऱ्हाईकही म्हणते ‘घेतले’, दुकानदारही म्हणतो ‘दिले’. आग लागल्यावर मात्र न्यायाधीशाला जमालीचाच प्रश्न विचारावा लागतो: विकले गेले होते की विकले जात होते?

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना आणखी एक गोष्ट आठवेल. मोठ्या बांधकामाचा ठेका तीन वर्षे चालतो. पूर्वी काम संपूर्ण पुरे झाल्यावरच नफा दाखविण्याची एक पद्धत होती, आणि जितके काम पुरे झाले तितक्या प्रमाणात तो दाखविण्याची दुसरी. भारतीय लेखामानक क्रमांक ७ हे २००२ साली सुधारले गेले तेव्हा त्याने दुसरी पद्धत स्वीकारली. पहिली पद्धत जमालीची म्हणावी आणि दुसरी अभयदेवसूरींच्या धाग्यांची, असे गमतीने म्हणता येईल.

भाषेच्या या बारकाव्यांचा विचार जैन आचार्यांनी पुष्कळ केला आहे. अनुयोगद्वारसूत्रात प्रस्थकाचा दृष्टांत येतो. प्रस्थक म्हणजे धान्य मोजण्याचे लाकडी माप, आपल्याकडील पायली-अधोलीसारखे. एक मनुष्य कुऱ्हाड घेऊन रानात निघाला आहे. कोठे चाललास, असे विचारल्यावर तो म्हणतो, ‘प्रस्थक आणावयास.’ रानात तर फक्त झाडे आहेत! लाकूड तोडताना विचारले तरी तेच उत्तर, तासताना विचारले तरी तेच. याला नैगमनय म्हणतात: संकल्पालाच वस्तूचे नाव देणारी दृष्टी. आपण ‘पीठ दळून आण’ म्हणतो, तेव्हा दळावयाचे असतात गहू किंवा ज्वारी. पीठ तर दळलेलेच असते. ‘विहीर खणली’ म्हणतो, वास्तविक खणली ती जमीन. भाषा अशी फळाकडे धाव घेते आणि बोलणाऱ्या-ऐकणाऱ्यांत कोणाचीही फसवणूक होत नाही. याच्या अगदी विरुद्ध टोकाला एवंभूतनय. त्याच्या मते शब्दाने सांगितलेली क्रिया ज्या क्षणी चालू आहे त्या क्षणीच तो शब्द खरा. पूजा करीत असतानाच पुजारी. घरी जेवावयास बसला की नाही. या दृष्टीने गल्ल्यावर पेंगणाऱ्या दुकानदाराला व्यापारी म्हणता येणार नाही, आणि पुष्कळांच्या घरच्या मंडळींना हे मत तत्काळ मान्य होईल.

प्रज्ञापनासूत्राच्या भाषापदात सत्याचे दहा प्रकार सांगितले आहेत. सर्व सांगण्यास वेळ नाही, दोन-तीन पुरेत. ‘डोंगर पेटला’ असे म्हणतात तेव्हा पेटलेले असते गवत, हे व्यवहारसत्य. चिखलात किडे-शेवाळ कितीतरी उपजते, परंतु ‘पंकज’ म्हणजे कमळच, हे संमतसत्य. नामसत्यात अर्थ नसला तरी नाव खरे. पाचवारी म्हणून विकली जाणारी साडी आज पुष्कळदा साडेपाच मीटरची असते. एक वार म्हणजे ९१.४४ सेंटिमीटर, तेव्हा मोजून पाहिल्यास ती सहा वार भरते. दशमान मापे येऊनही वाराचे नाव साडीवरून गेले नाही, आणि पाचातला सहावा वार कोणी परतही करीत नाही.

याच पदात भाषेचे चार भाग केले आहेत: सत्य, असत्य, मिश्र, आणि जी सत्यही नाही व असत्यही नाही अशी. चौथा भाग आज्ञा, विनंती, हाक, प्रश्न यांचा. ‘इकडे ये’ हे वाक्य खरे की खोटे, असे विचारताच येत नाही, ही गोष्ट इतक्या प्राचीन काळी नोंदली गेली याचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही. परंतु व्यापाऱ्याने ध्यानात घ्यावयाचा तो तिसरा, मिश्र प्रकार. टीकाकारांचे उदाहरण असे: वनात अशोकवृक्ष पुष्कळ आहेत, पण खैर आणि पळसही आहेत; त्याला ‘हे अशोकवनच’ म्हणणे ही मिश्र भाषा. टेरिकॉटचे दिवस ज्यांना आठवतात त्यांना दुसरे उदाहरण नको. कापडात ६७ भाग पॉलिएस्टर आणि ३३ भाग सूत. गिऱ्हाईक विचारते, ‘यात कॉटन आहे ना?’ उत्तर येते, ‘आहे ना!’ उत्तरातील प्रत्येक अक्षर खरे आहे. ऐकणाऱ्याच्या मनात उमटलेले चित्र मात्र खरे नाही.

अशा ठिकाणी संस्कृतात ‘एव’ आणि मराठीत ‘च’ ही छोटीशी अक्षरे फार मोठे काम करतात. ‘या दुकानात सुतीच कापड मिळते’ म्हणजे रेशमी मिळत नाही. ‘या दुकानात सुती कापडच मिळते’ म्हणजे शिवलेले कपडे मिळत नाहीत. ‘या दुकानातच सुती कापड मिळते’ म्हणजे शेजारच्या दुकानात जाऊ नका. आणि ‘मिळतेच’ म्हणजे कधीही या, रिकाम्या हाताने जाणार नाही. एक अक्षर, चार जागा, चार आश्वासने. विमलदासांच्या सप्तभंगीतरंगिणीत ‘एव’चे तीन अर्थ उदाहरणांनी सांगितले आहेत: शंख पांढराच असतो, धनुर्धर तो पार्थच, आणि कमळ निळे असतेच. तिसऱ्या वाक्याचा अर्थ सर्व कमळे निळी असा नसून कमळ निळे असणे अशक्य नाही, एवढाच आहे. मराठी मनुष्य तेथे ‘च’ सोडून ‘ही’ वापरील: कमळ निळेही असते. एका भाषेतील ‘च’ दुसरीत ‘ही’ होतो, हे भाषांतर करणाऱ्यांनी पाहावे.

या ‘एव’च्याच शेजारी स्याद्वादातील ‘स्यात्’ बसतो, आणि त्याच्याविषयी जितका गैरसमज झाला तितका क्वचितच दुसऱ्या शब्दाविषयी झाला असेल. ‘स्यात्’ हे रूप व्याकरणाने ‘असावे’ असा अर्थ देते, म्हणून अनेकांनी त्याचे ‘कदाचित’ असे भाषांतर केले आणि स्याद्वाद म्हणजे संशयवाद, धड ‘हो’ नाही की धड ‘नाही’ नाही, असा समज पसरला. परंतु आचार्य हा शब्द क्रियापद म्हणून वापरीत नाहीत. ते एक अव्यय आहे आणि त्याचा अर्थ ‘एका अपेक्षेने’, ‘एका दृष्टीने’ असा आहे. शिवाय पूर्ण वाक्य पाहावे: ‘स्यात्’बरोबर ‘एव’ही असतो. म्हणजे या अपेक्षेने घट आहेच. ‘कदाचित’ आणि ‘च’ एका वाक्यात सुखाने नांदणार नाहीत. ‘या दृष्टीने’ आणि ‘च’ मात्र नांदतात. हा माल घाऊक भावाने स्वस्तच आहे, किरकोळ भावाने नाही, असे म्हणणाऱ्याला कोणी संशयात्मा म्हणत नाही. सांख्यिकीशास्त्राचे थोर अभ्यासक प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी १९५४ साली, आणि जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९५७ साली, सप्तभंगीवर स्वतंत्र लेख लिहिले, ही गोष्ट तरुण श्रोत्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावी. दोघेही जैन नव्हते.

जमालीच्या कथेचा शेवटही येथेच येतो. तो चंपानगरीस येऊन स्वतःस केवली म्हणवू लागला तेव्हा गौतमस्वामींनी त्याला दोन प्रश्न विचारले: लोक शाश्वत आहे की अशाश्वत? जीव शाश्वत आहे की अशाश्वत? जमाली निरुत्तर झाला. ‘की’ने जोडलेल्या दोन बाजूंपैकी एकच निवडावी लागते, अशी त्याच्या मनाची घडण झाली होती. भगवंतांनी सांगितले की लोक नेहमी होता, आहे आणि राहील, म्हणून शाश्वत. आणि त्यात उत्सर्पिणीनंतर अवसर्पिणी येते, म्हणून अशाश्वत. प्रश्नातील ‘की’च्या जागी उत्तरात ‘आणि’ आला. जमालीने ते मानले नाही आणि तो निघून गेला.

आता एकच उदाहरण, आणि ते पुन्हा दुकानातले. तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांतील एक न्यासापहार. न्यास म्हणजे ठेव. ठेव बुडविणे ही चोरी. मग ती सत्यव्रताखाली कशी आली? पूज्यपादांनी सर्वार्थसिद्धीत खुलासा केला आहे. एका मनुष्याने कोणाकडे द्रव्य ठेवले. दिवस गेले, आकडा तो विसरला. परत घ्यावयास आला तेव्हा त्याने स्वतःच मूळच्यापेक्षा कमी रक्कम मागितली. ठेव सांभाळणाऱ्याने काहीही खोटे रचले नाही, वही लपविली नाही, आकडा बदलला नाही. मागितले तेवढे मोजून हातावर ठेवले आणि तोंडाने एवढेच म्हणाला, ‘हो, तसेच.’